म्हशीच्या घशात काही नव्हतं

म्हशीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालणं हे आमच्या धंद्यात काही फार मोठं काम नाही. उसाच्या शेंड्याचं वाढं आडवं बसतं, पेंडीच्या पोत्याची सुतळी जाते, एखादी आंब्याची कोय गिळते. मग जनावर मान लांब करतं, लाळ गाळतं, गिळायला बघतं आणि गिळता येत नाही. एकानं वेसण धरायची, दुसऱ्यानं जीभ बाजूला ओढून हात सरळ आत घालायचा. भीत भीत घातला तर तो दाढेखाली सापडतो. शिवाजी पेठेत कुणाच्या म्हशीला असं झालं की लोक आधी माझ्याकडं यायचे, मग डॉक्टरकडं. डॉक्टर पोचायच्या आत मी म्हस मोकळी करून, हात धुऊन, चहा पिऊन घरी आलेला असायचो. शाळेत मी चौथीपर्यंत होतो. म्हशीत साठ वर्षं आहे.

दोन वर्षांमागं दसरा झाल्यावर माझ्याच थोरल्या म्हशीला हे झालं. सकाळी बायकोनं गोठ्यातनं हाक मारली.

"अवो, म्हस खाईना झालीया. नुसती लाळ गाळतीया."

मी जाऊन बघितलं आणि म्हणालो, "अडकलंय."

"पण आरडतीया बी येगळीच. घोगरी."

"घशात अडकल्यावर मग काय गाणं म्हणंल व्हय ती?"

बायकोनं वेसण धरली. लाळेनं हात सरकायला लागला तशी पदरानं म्हशीचं तोंड पुसलं आणि परत धरली. मी तीनदा हात घातला. आत काही लागलं नाही. तिसऱ्या वेळी म्हशीनं दाढ हलवली आणि माझी तीन बोटं पेरावर सोलली. हात बाहेर काढून मी म्हणालो, "खाली सरकलं." काही सापडलं नाही असं मी आजवर कुणाच्या गोठ्यात म्हणालो नव्हतो, मग स्वतःच्या कशाला म्हणू? बादलीत हात बुचकळला, धोतराला पुसला आणि संपलं.

दुसऱ्या दिवशी म्हशीनं गव्हाणीला टकरा दिल्या, माती खाल्ली आणि स्वतःच्या सावलीवर धावून गेली. पोरानं मला न विचारता जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. डॉक्टर तरणा होता. तो गोठ्याच्या दारातच उभा राहिला, आत आला नाही. मला वाटलं भ्याला.

"तात्या, हिला कुत्रं चावलं होतं का मागं?"

"न्हाय," मी म्हणालो.

"चावलं हुतं की," बायको म्हणाली. "गणपतीच्या आदी. नाकपुडीला. ह्येंनी हळद आन् चुना लावला."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी म्हशीकडं बघितलं.

मग त्यानं हात कुणी घातला, साबणानं धुतला का, बोटाला काय झालंय, सगळं विचारून घेतलं. आम्हा दोघांना तिथंच नळाखाली बसवलं आणि घड्याळ बघत पंधरा मिनिटं साबणानं हात धुवायला लावले. माझ्या उभ्या जन्मात मी एवढा वेळ हात धुतला नव्हता. धुऊन झाल्यावर तो म्हणाला, "नीट ऐका. म्हस पिसाळलीया. ह्या रोगाचं एकदा लक्षण दिसलं की औषध न्हाय, माणूस जातोच. लक्षण दिसायच्या आधी सुया घेतल्या तर वाचतो. ह्याच्या मधलं काय न्हाय. तात्या, तुमची बोटं सोलल्यात. मामी, शेणी थापून तुमच्या हाताला भेगा पडल्यात आणि तुम्ही लाळ पुसलीया. दोघंबी आजच्या आज सरकारी दवाखान्यात जा."

मी म्हणालो, "डॉक्टर, हिच्या घशात अडकलंय."

"काय अडकलंय?"

"ते खाली सरकलं."

डॉक्टरनं परत एकदा तेच सगळं सांगितलं, ह्या वेळी माझ्या पोराला.

मी का गेलो नाही ते सरळ सांगतो. म्हस पिसाळली होती हे कबूल केलं तर साठ वर्षं म्हशीत काढलेल्या माणसाला पिसाळलेली म्हस ओळखता आली नाही हेही कबूल करावं लागत होतं. सुई घेणं म्हणजे त्या कबुलीच्या कागदावर अंगठा देणं. आणखी एक होतं. आम्ही संध्याकाळी म्हशी चौकात कट्ट्यावर नेऊन बांधतो. गिऱ्हाईक पुढ्यात उभं राहतं, आम्ही पेल्यात धार काढतो आणि ते तिथंच फेसासकट पितं. तापवलेलं दूध आमच्याकडं आजारी माणसाला देतात. माझ्या म्हशीची धार प्यायला लोक लांबनं गाड्या घेऊन यायचे. करोनात सगळ्या गावानं सुया घेतल्या, मी एकही घेतली नाही. कुणी विचारलं तर म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणायचो, "माझी सुई ही." ते सांगून सांगून मी तीन वर्षं कट्ट्यावर ताठ उभा होतो. आता त्याच म्हशीपायी सुई घ्यायची म्हणजे काय, ते ज्याचं त्यानं बघावं.

बातमी दुपारपर्यंत पेठभर झाली. ज्यांनी आदल्या दोन-तीन दिवसांत तिची धार प्यायली होती ते सगळे रिक्षा करून दवाखान्यात गेले. काही जण बायकापोरं घेऊन गेले. एक जण तर फक्त पेला विसळून ठेवणारा होता, तोही गेला. दवाखान्यातल्या डॉक्टरनं त्यांना सांगितलं, की दुधातनं हा रोग झाल्याचं काही ऐकिवात नाही, पण असल्या जनावराचं दूध पिऊ नये आणि एरवीही उकळून प्यावं. तरी काही जण तिथनं हलेनात. म्हणजे ज्यांना फारसा धोका नव्हता ते ओळीत उभे होते, आणि ज्यानं तोंडात हात घातला होता तो गोठ्यात पालथ्या बादलीवर बसला होता.

संध्याकाळी मास्तर आले. हे शाळेतनं निवृत्त झालेले, माझं रोजचं गिऱ्हाईक. करोनात आमचं दोघांचं सुईवरनंच वर्षभर भांडण चाललं होतं. ते दूध प्यायला यायचे, पेला रिकामा होईस्तोवर भांडायचे, मिशी पुसून जायचे.

"घेतलीस का सुई?"

"मास्तर, घशात अडकलं हुतं."

"निघालं काय?"

"खाली सरकलं."

"मग खात का नाही ती?"

"घसा सोललाय."

"आणि सावलीवर धावून जाते ते?"

"तिला राग हाय."

मास्तर दावणीपासनं चार हात लांब उभे होते. म्हशीनं मान फिरवली तसे ते सहा हात झाले.

"तुला पुस्तक वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "म्हस तरी वाचता येते असं वाटत होतं."

हे मला लागलं. मी म्हणालो, "तुमी करोनात दोन सुया घेतल्यासा, काय मिळालं? गुडघं अजून धरत्यातच की."

"गुडघ्यासाठी नव्हती रे ती."

"मग माझी बी ह्यासाठी न्हाय. पोटात चौदा सुया टोचत्यात, मला म्हाईत हाय. आमच्या चुलत्याला टोचलत्या."

"ते दिवस गेले. आता दंडात देतात. चार-पाच."

"देऊ देत. मी सत्तरीच्या फुडं हाय. कवातरी मरणारच."

"मर की. मी कुठं धरलंय?" मास्तर म्हणाले. "पण हे मरण कसलं असतं ते ऐकून घे. तहान लागते आणि पाणी गिळता येत नाही. पाण्याचा तांब्या पुढं आणला की माणूस ओरडतो. शुद्ध असते, सगळं कळत असतं. तुला ते झेपेल, तू हट्टी आहेस. घरात बघणाऱ्याला झेपणार नाही."

मी म्हणालो, "दूध पिणार काय? दुसऱ्या म्हशीचं हाय." ते न पिताच गेले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हस मेली. गाडी आली, लांब नेऊन खोल खड्डा काढला, चुना टाकला. जनावरांचा डॉक्टर आला होता. त्यानं माझ्या बोटांकडं बघितलं. बोटं बरी होत आली होती. मी ती त्याला दाखवली.

बायकोचं मी धरून चाललो होतो, की ती सूनबाईबरोबर आदल्या दिवशीच सुई घेऊन आली असणार. सूनबाई तिला घेऊन जाणार असं पोरगा बोलताना मी ऐकलं होतं. बायकांनी घ्यावी, माझी काही ना नव्हती. दुपारी ती मला वाढत होती तेव्हा मी सहज विचारलं, "तुझा दंड दुखतोय काय?"

"कशानं?"

"सुईनं."

"सुई कुठं घेतलीया मी?"

माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता, तो हातातच राहिला. "सूनबाई न्हेणार हुती न्हवं तुला?"

"आलती बोलवाय. न्हाय म्हणालो मी." आमच्या कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात, गेलो, आलो, म्हणालो. "तुमी घेतल्याबिगार मी कशी घेऊ? जेवाण सुदिक तुमी उठल्यावर घेतो मी."

"ही काय भाकरी हाय व्हय?"

"तसं कसं? तुमीच म्हणालासा की घशात अडकलं हुतं. साठ वर्सं म्हशीत हायसा. तुमी म्हणताय म्हंजी अडकलंच असंल. मग मी सुई कशाला घ्यावी?"

"तू घे. मला नको, पण तू घे."

ती परातीत पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "एका घरात एक म्हस दोन रोगांनी मेली व्हय? तुमच्यासाठी घशात अडकून, आन् माज्यासाठी पिसाळून?"

मास्तरांना मी वर्षभर उत्तरं दिली होती, डॉक्टरला दिली, पोराला दिली. तिच्या हाताच्या भेगांत पीठ भरलेलं होतं आणि मी ते बघत बसलो. माझं मरण माझ्या हट्टात बसत होतं, मी ते धरून चाललो होतो. तिचं बसत नव्हतं. आणि ती तर माझा शब्द धरून बसली होती. तो शब्द खोटा आहे हे घरात एकट्या मला ठाऊक होतं, असं मला तोवर वाटत होतं.

मी ताटावरनं उठलो.

"भाकरी न्हाय संपली," ती म्हणाली.

"रिक्षा आन म्हणावं पोराला," मी म्हणालो.

दवाखान्यात ओळ होती. कुत्रं चावलेलीच माणसं सगळी, कुणाची पिंढरी, कुणाचा हात. खिडकीशी एक सिस्टर केसपेपर लिहीत होत्या. माझ्या मागं बायको, तिच्या मागं हातकणंगल्याचा एक गडी, पायाला फडकं गुंडाळलेला.

"काय झालं, आजोबा?"

"म्हस मेली."

"बरं. मग तुम्हाला काय झालं?"

"मला काय न्हाय. तिच्या तोंडात हात घातला हुता."

"कशाला?"

"घशात अडकलं हुतं."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, घशात अडकून मेलेल्या म्हशीची सुई आमच्याकडं नसते. पिसाळलेली होती का नव्हती, तेवढं सांगा. मला कागदावर लिहावं लागतं."

मी मागं बघितलं. बायको माझ्याकडं बघत नव्हती, भिंतीवरचं चित्र बघत होती. त्यात एक कुत्रं होतं आणि एक हसणारं पोरगं. हातकणंगल्याचा गडी म्हणाला, "सांगा की पावणं लौकर. माजा पाय ठणकतोय."

"पिसाळल्याली हुती," मी म्हणालो.

सिस्टरनी लिहिलं.

"मला वळखाय आलं न्हाय," मी म्हणालो. हे त्यांनी विचारलं नव्हतं, त्यामुळं लिहिलं नाही.

मग बायकोची पाळी आली. "तुमचं काय, आजी?"

"ह्येंनी सांगितलं त्येच लिवा. म्हस एकच हुती."

आत डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दोन दिवस उशीर केल्याबद्दल झापलं. उशीर झाला तरी घ्यायचीच असते, आलात हे बरं केलंत, असंही म्हणाल्या, पण झापून झाल्यावर. दंडातली सुई काहीच नाही. माझी खरी परीक्षा बोटांत झाली. जिथं सोललेलं असतं तिथंच एक औषध टोचून भरावं लागतं, आणि बोटाच्या पेरात भरायला जागा नसते. तीन बोटं. म्हशीच्या दाढेखाली सापडली तेव्हाही मी तोंडातनं आवाज काढला नव्हता. तिथंही काढला नाही. डोळ्यांतनं पाणी आलं, ते मी धरत नाही.

पलीकडच्या स्टुलावर बायकोच्या भेगांत तेच चाललं होतं. तिथल्या सिस्टर तिला विचारत होत्या, "आजी, याआधी कुठली लस घेतल्यावर काही त्रास झालता का?"

"न्हाय, बाई. करोनाच्या दोन घेतल्या, कायबी झालं न्हाय."

माझ्या बोटात सुई होती, त्यामुळं मला उठता येत नव्हतं. मान जेवढी वळली तेवढी वळवली.

"कवा घेतल्या?"

"तुमी कट्ट्यावर गेलतासा तवा. दोन्ही डाव."

"माज्या आदी?"

"तुमी कुटं घेतली हुती? मग तुमच्या आदी कसं हुईल?"

हातकणंगल्याचा गडी हसला. सिस्टरही हसल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, हात हलवू नका."

परत येताना रिक्षात मी तिला विचारलं, की मी आलो नसतो तर तू खरंच घेतली नसतीस काय? ती म्हणाली, "खड्डं लई हाइत. बोलू नगा, जीभ चावंल." त्यानंतरही मी दोन-तीनदा विचारलं. दर वेळी तिला कुठलंतरी काम निघालं. मला अजून कळलेलं नाही, आणि आता कळून उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी मी राहिलेली म्हस घेऊन कट्ट्यावर गेलो. धार काढायला नाही. उभं राहून सगळ्यांना सांगितलं, की म्हस पिसाळली होती, मी म्हणत होतो ते चूक, आणि मी सुई घेतली. मास्तर म्हणाले, "दंडात दिली ना?" मी म्हणालो, "दंडात, आन् तीन बोटांत." त्यांना बोटांचं माहीत नव्हतं. पुस्तकात नसावं. त्यांनी बोटं हातात घेऊन नीट बघितली.

पुढं महिनाभर कुणी धार प्यायला आलं नाही. दूध डेअरीला घातलं, तिथं ते दुसऱ्यांच्या दुधात गेलं आणि तापवलं गेलं. मग हळूहळू लोक यायला लागले. राहिलेल्या म्हशीला जनावरांच्या डॉक्टरकडनं दर वर्षी सुई टोचून घेतो. अजूनही कुणाच्या म्हशीच्या घशात अडकलं तर मला बोलावतात. मी आधी कुत्र्याचं विचारतो. डॉक्टरनं दिलेला खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा चढवतो. लोकांना वाटतं म्हातारा भ्याला. वाटू दे. करोनाची सुई मी आजतागायत घेतलेली नाही, पण ते कुणाला सांगायला जात नाही.

आमच्या सगळ्या सुया ठरल्या दिवशी झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता घाबरायचं कारण नाही. मी म्हणालो, घाबरलंय कोण? पण त्यांना विचारून ठेवलं, की होणारच असेल तर किती दिवसांत दिसतं. त्या म्हणाल्या, बहुतेकदा दोन-तीन महिन्यांत, क्वचित त्याहून उशिरा, पण तुम्ही दोघांनी पुरा कोर्स घेतलाय, आता तो विचार सोडा.

मी सोडला. एवढंच, की सकाळी ती उठून माठातलं पाणी प्यायची तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जायचो. कधी काडेपेटी, कधी चुन्याची डबी. ती तांब्या वर धरून प्यायची आणि गळ्याची घाटी खालीवर व्हायची. तीनदा, चारदा. तेवढं बघितलं की मी गोठ्यात जायचो. हे बरेच महिने चाललं. तिला कळलं असेल असं मला वाटत नव्हतं.

एका सकाळी मी उंबऱ्याशी बसून पाणी पीत होतो. अंगण झाडायचा आवाज येत होता, तो थांबला. बघितलं तर ती खराटा हातात धरून उभी होती आणि माझ्या गळ्याकडं बघत होती. माझ्या तोंडातला घोट तोंडातच राहिला. तिचा चेहरा बदलायला लागला तसा मी तो घाईनं गिळला, मग राहिलेलं सगळं पाणी एका दमात प्यालो आणि तांब्या उलटा करून तिला दाखवला.

ती परत झाडायला लागली.